घोड्याच्या खुरातला टेंडन, कॉन्ट्रास्ट सीटी आणि ती काळी पट्टी

प्रश्न: मी मुंबईतून पशुवैद्यकाची पदवी घेतली आणि सध्या जर्मनीत घोड्यांच्या एका रुग्णालयात इंटर्न आहे. आमच्याकडे १६ स्लाइसचा सीटी आहे, घोड्याला पूर्ण भूल देऊन पाय स्कॅन करतात. गेल्या महिन्यात पुढच्या पायाने लंगडणारे दोन घोडे आले. दोघांचंही लंगडणं पामर डिजिटल नर्व्ह ब्लॉक (खुराच्या मागच्या भागाची नर्व्ह बधिर करणारं इंजेक्शन) दिल्यावर थांबलं होतं. पहिल्याला फेटलॉकजवळ (पेस्टर्नच्या वरच्या सांध्याजवळ; पेस्टर्न म्हणजे फेटलॉक आणि खूर यांच्यामधला भाग) बाहेरच्या बाजूच्या डिजिटल धमनीत ३०० चा, म्हणजे मिलीला ३०० मिग्रॅ आयोडीन असलेला कॉन्ट्रास्ट पातळ न करता, हाताने, ६० मिली दिला. खुराचा बाहेरचा अर्धा भागच उजळला आणि खोल फ्लेक्सर टेंडनमध्ये (पायाच्या मागून खुरात उतरणाऱ्या टेंडनमध्ये) एक काळी पट्टी दिसली. मालकिणीला टेंडन फाटल्याचं सांगितलं गेलं. मला तेव्हापासून ती पट्टी खटकते आहे. दुसऱ्या घोड्याला मीडियन धमनीतून दिला. चित्रं स्वच्छ आली, पण टेंडन उजळला नाही, म्हणून कॉन्ट्रास्ट वाया गेला असं सगळ्यांचं मत पडलं. कॉन्ट्रास्ट कुठे, किती आणि किती पातळ करून द्यावा? ती पट्टी खरी आहे का? आणि दोन वर्षांनी मला पुण्यात घोड्यांचं काम करायचं आहे. तिथे सीटी हाताशी नसला तर यातलं काय उपयोगी पडेल?

उत्तर:

डॉक्टर, बाकी सगळं नंतर वाचा, आधी सीटीच्या खोलीत जा. पहिल्या घोड्याच्या साध्या स्कॅनचा, म्हणजे कॉन्ट्रास्ट देण्याआधीच्या स्कॅनचा, कच्चा डेटा मशीनवर अजून आहे का ते तंत्रज्ञांना विचारा. बहुतेक ठिकाणी हाडाच्या कर्नलने (कच्च्या डेटाचं चित्र बनवणाऱ्या गणिती गाळणीने) बनवलेली चित्रं जपून ठेवतात आणि कच्चा डेटा जागेअभावी काही दिवसांत पुसला जातो. तो असेल तर मऊ ऊतींच्या कर्नलने, एकाच पायापुरतं १५ ते १८ सेंमीचं क्षेत्र घेऊन, १ मिमीच्या स्लाइस पुन्हा बनवून घ्या. विंडोची, म्हणजे राखाडी छटांत दाखवायच्या आकड्यांच्या पट्ट्याची, रुंदी ३०० आणि पातळी १०० च्या आसपास ठेवा. हाडाच्या विंडोत टेंडनची तपासणी होत नाही. तिथे निरोगी आणि दुखावलेला टेंडन सारखाच राखाडी दिसतो.

आता त्या पट्टीकडे वळू. पेस्टर्नमध्ये आतली आणि बाहेरची अशा दोन्ही पामर डिजिटल धमन्या फ्लेक्सर टेंडनच्या दोन कडांना लागून उतरतात. दोघींना जोडणारी सरळ रेषा ओढली तर ती टेंडनमधूनच जाते. धमन्यांमध्ये दाट आयोडीन भरलं की क्ष-किरणांतला कमी ऊर्जेचा भाग तिथेच शोषला जातो आणि त्या रेषेवर खोटी काळी पट्टी उमटते. यालाच बीम हार्डनिंग म्हणतात. तुमच्या घोड्यात मुख्यतः एकच बाजू भरली होती. तरी कॉफिन हाडाच्या (खुरातल्या शेवटच्या हाडाच्या) आत दोन्ही धमन्या एका कमानीने जोडलेल्या असतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूलाही थोडं आयोडीन पोहोचतं. शिवाय भरलेली धमनी आणि शेजारचं दाट हाड यांच्यामध्येही अशीच पट्टी पडू शकते.

खरी जखम आणि खोटी पट्टी वेगळी ओळखता येते. खोटी पट्टी दोन दाट वस्तूंच्या मध्ये सरळ असते, टेंडनची कड ओलांडून शेजारच्या चरबीत किंवा आवरणातही पसरते आणि स्लाइस पुढे सरकवली की धमन्यांच्या जागेप्रमाणे तिचा कोन बदलतो. खरी जखम टेंडनच्या हद्दीत राहते. पेस्टर्नच्या खालच्या भागात खोल टेंडनचे दोन खंड पडलेले दिसतात. जखम बहुधा त्यातल्या एकाच खंडात असते आणि स्लाइसमागून स्लाइस त्याच खंडात वर-खाली चालत जाते. उभी चीर असेल तर तिचं एक टोक टेंडनच्या पुढच्या कडेला, नॅव्हिक्युलर हाडाच्या (खोल टेंडनच्या पुढे असलेल्या खुरातल्या छोट्या हाडाच्या) बाजूला, उघडलेलं सापडतं. शेवटची कसोटी साध्या स्कॅनची. तिथे त्याच जागी काही नसेल, तर टेंडन फाटल्याचं निदान मागे घ्यावं लागेल. मालकिणीला फोन करायचं काम वरिष्ठांचं आहे, पण त्यांच्यासमोर दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवणं तुमच्या हातात आहे. ते या आठवड्यातच करा. घोडा सहा महिने विश्रांतीला जाणार की नाही हे त्यावर ठरतं.

पातळ न केलेला कॉन्ट्रास्ट इतका त्रास का देतो, याचा हिशेब एकदा मांडून बघा. १२० किलोव्होल्टला रक्तातलं दर मिलीमागे १ मिग्रॅ आयोडीन साधारण २५ हाउन्सफिल्ड युनिट (सीटीत घनता मोजायचं एकक) वाढवतं. म्हणजे ३०० चा कॉन्ट्रास्ट तसाच धमनीत भरला तर ७५०० युनिट. घोड्याच्या नळीच्या हाडाची (फेटलॉकच्या वरच्या लांब हाडाची) दाट भिंतसुद्धा साधारण २००० च्या आसपास असते. मशीनची नेहमीची मोजपट्टी ३०७१ ला संपते. धमनी नीट दिसायला ४०० युनिट पुरतात, आणि त्यासाठी रक्तात मिलीमागे १६ मिग्रॅ आयोडीन लागतं. शिरेतून दिलेला कॉन्ट्रास्ट हृदयातून फिरून आपोआप पातळ होतो. तुम्ही तो थेट पायाच्या धमनीत देता, तेव्हा पातळ करायचं काम तुम्हालाच करावं लागतं.

मग शिरेतूनच का देत नाही, असा प्रश्न मालकही विचारतात. माणसांच्या किंवा कुत्र्यांच्या धर्तीवर किलोला ६०० मिग्रॅ आयोडीन धरलं, तर ५०० किलोच्या घोड्याला ३०० ग्रॅम आयोडीन, म्हणजे ३०० च्या कॉन्ट्रास्टचा अख्खा एक लिटर लागेल. खर्च प्रचंड, आणि एवढं करूनही खुरापर्यंत पोहोचतं ते फिकट. पायाच्या धमनीतून १५० ताकदीचं १०० मिली पुरतं, ते होतं १५ ग्रॅम. मूत्रपिंडांवरचा भारही त्या मानाने किरकोळ राहतो. तरीही घोडा कोरडा पडलेला असेल, फिनिलब्युटाझोन या वेदनाशामकावर असेल किंवा त्याच दिवशी जेंटामायसिन हे अँटिबायोटिक द्यायचं असेल, तर क्रिएटिनिन आधी बघा आणि सलाइन चालू ठेवा.

धमनी निवडताना पुढच्या पायासाठी आमचा कौल मीडियन धमनीला आहे. ती पुढच्या पायाच्या वरच्या भागात, आतल्या बाजूने, रेडियस हाडाच्या मागच्या कडेने उतरते, आणि पुढे फेटलॉकच्या वर दोन डिजिटल धमन्यांत विभागते. त्या विभाजनाच्या बऱ्याच वर कॅथेटर असला की दोन्ही बाजूंना सारखा कॉन्ट्रास्ट जातो. तुमच्या पहिल्या घोड्यात कॅथेटर विभाजनाच्या खाली, एकाच फांदीत होता. अर्धं खूर अंधारात राहण्याचं कारण तेवढंच आहे. रक्तपुरवठा तुटल्याचं निदान त्या चित्रावरून कोणी केलं असेल तर तेही पुसून टाका.

मीडियन धमनी आतल्या बाजूला असल्यामुळे घोडा कुशीवर असताना तपासायचा पाय खालच्या बाजूला ठेवावा लागतो, तेव्हाच ती जागा वर उघडी मिळते. मात्र खालचा पाय शरीराच्या भाराखाली दबतो, म्हणून तो पुढे ओढून घ्या आणि खांद्याखाली जाड गादी द्या. यामुळे ट्रायसेप्सचा स्नायू वाचतो आणि पायातला रक्तप्रवाहही मोकळा राहतो. केस काढा, शस्त्रक्रियेसारखी स्वच्छता करा आणि अल्ट्रासाउंडखाली १८ किंवा २० गेजचा लांब कॅथेटर घाला. धमनीसोबत शीर आणि मीडियन नर्व्ह असते. हलक्या दाबाने मिटते ती शीर. शंका असेल तर रंगीत डॉपलर लावा. लाल, ठोक्यासह उसळणारं रक्त आल्याशिवाय पुढे जाऊ नका. मागच्या पायात नळीच्या हाडाच्या बाहेरच्या खोबणीतली डॉर्सल मेटाटार्सल धमनी सोयीची, आणि तिच्यासाठी पाय वरच्या बाजूला हवा. भूल देणारे डॉक्टर रक्तदाबासाठी हमखास तीच धमनी धरतात. त्यांच्याशी घोडा आडवा होण्याआधी बोला, म्हणजे ते चेहऱ्यावरची धमनी घेतील.

नाल काढायलाच हवी, आणि नालबंदाने ती काढल्यावर खुरात खिळ्याचा तुकडा राहिला नाही ना हे एका एक्स-रेवर बघा. दोन मिलिमीटरचं लोखंडसुद्धा नॅव्हिक्युलर भागावर चांदणीसारखे झोत पसरवतं. खुराच्या खाचांतली वाळू आणि खडी ब्रशने काढा.

कॉन्ट्रास्टचं मिश्रण आम्ही असं सुचवू: आयोहेक्सॉल ३०० एक भाग, निर्जंतुक सलाइन एक भाग, म्हणजे १५० ताकद. ते ३७ अंशांपर्यंत कोमट करा. २० अंशांवर आयोहेक्सॉल शरीराच्या तापमानापेक्षा जवळपास दुप्पट घट्ट असतो. हाताने ढकलणाऱ्याचा अंगठा दमतो, वेग मध्येच पडतो, आणि नेमका तेव्हाच टेबल खुरावर पोहोचलेला असतो. पातळ केल्याने आणखी एक फायदा होतो. न मिसळलेल्या आयोहेक्सॉलची ऑस्मोलॅलिटी रक्ताच्या दुपटीहून जास्त असते, निम्मं सलाइन घातलं की ती खाली येते आणि धमनीच्या अस्तराला कमी टोचते. नळीतली हवा मात्र शेवटच्या थेंबापर्यंत काढा. शिरेत गेलेला छोटा बुडबुडा फुफ्फुसात अडकून विरतो, धमनीत गेलेला थेट खुराच्या बारीक वाहिन्यांत जाऊन बसतो.

मीडियन धमनीतून सेकंदाला २ मिली हा सुरुवातीचा वेग ठेवा. नाइलाजाने डिजिटल धमनी वापरावी लागली तर १ मिली. पॉवर इंजेक्टर असेल तर उत्तम, पण त्याची दाबाची मर्यादा कॅथेटर आणि नळी यांच्यापैकी जे कमजोर असेल त्याप्रमाणे बसवा. आधी ५ मिली सलाइन हाताने देऊन कॅथेटरच्या टोकाजवळ अल्ट्रासाउंड धरा. सूज दिसली तर थांबा. धमनीबाहेर गेलेला कॉन्ट्रास्ट त्या जागी दाह करतो आणि धमनी आकसवतो, मग दुसरा प्रयत्नही फसतो.

वेळेचा हिशेब कागदावर लिहून टेबलाला चिकटवा. समजा कार्पसपासून (पुढच्या पायाच्या गुडघ्यापासून) खुरापर्यंतचा स्कॅन २५ सेकंदांचा आहे. इंजेक्शन आधी सुरू करा, ८ सेकंदांनी स्कॅन, आणि स्कॅन संपेपर्यंत इंजेक्शन चालू. एकूण ३३ सेकंद, सेकंदाला २ मिली, म्हणजे ६६ मिली. नळीतलं धरून ८० मिली भरून ठेवा. स्कॅनची दिशा वरून खाली, रक्ताच्या ओघाबरोबर. खुराकडून वर स्कॅन केलं तर मशीन खुरावर असताना कॉन्ट्रास्ट अजून वाटेतच असतो. ते ८ सेकंद प्रत्येक घोड्याला लागू पडतीलच असं नाही. थंड पाय, कमी रक्तदाब, आकसलेली धमनी यांमुळे ओघ मंदावतो. म्हणून ५ मिलीची चाचणी देऊन पेस्टर्नच्या एकाच पातळीवर दर सेकंदाला एक स्लाइस घ्या आणि धमनी किती सेकंदांनी उजळते ते मोजा. सरासरी रक्तदाब ७० च्या खाली असेल तर आधी भूलतज्ज्ञांना तो वर आणू द्या. स्नायूंसाठीही तेच हिताचं.

इंजेक्शन थांबल्यावर ६० ते ९० सेकंदांनी तोच स्कॅन पुन्हा करा. पहिल्या फेरीत वाहिन्या दिसतात. दुसरीत वाहिन्या बऱ्याचशा रिकाम्या झालेल्या असतात, आणि जिथे वाहिन्या गळक्या आहेत तिथे ऊतीत उरलेलं आयोडीन दिसतं. टेंडनसाठी मोलाची आहे ती ही दुसरी फेरी. काळ्या पट्टीचं खरं-खोटंही तिच्यातच उलगडतं, कारण पट्टी पाडणारं दाट आयोडीन तोवर वाहून गेलेलं असतं. पहिल्या फेरीत शिराही लवकर भरलेल्या दिसल्या तर घाबरू नका. खुरात धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या वाहिन्या भरपूर असतात.

किलोव्होल्टबद्दल एक शिफारस. १२० ऐवजी १०० वर गेलात तर तेच आयोडीन अधिक उजळ दिसतं, कारण आयोडीनचं शोषण ३३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या लगेच वर सर्वाधिक असतं. पायाचा हा भाग बारीक आहे, त्यामुळे चित्रात दाणे फारसे वाढत नाहीत. साधा आणि कॉन्ट्रास्टचा असे सगळे स्कॅन मात्र एकाच किलोव्होल्टवर, एकाच कर्नलने, एकाच स्थितीत घ्या. मध्ये पाय हलला तर मोजमापांची तुलना फोल ठरते.

आता दुसरा घोडा, ज्याचा टेंडन उजळला नाही. आमच्या मते तुमची ही तपासणी यशस्वी होती. निरोगी टेंडनमध्ये रक्तवाहिन्या इतक्या विरळ असतात की तो जवळपास उजळतच नाही. उजळतात ते कोरोनरी पट्टा, खुराच्या आतले पापुद्रे आणि सांध्यांचं व टेंडनच्या आवरणाचं अस्तर. तुमच्या चित्रात हे सगळं दोन्ही बाजूंना सारखं उजळलं असेल, तर कॉन्ट्रास्ट पोहोचला होता. टेंडनने त्यातलं काही घेतलं नाही, हाच निकाल.

पण “उजळला नाही” हे डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. निरोगी टेंडन साध्या स्कॅनमध्ये साधारण १०० युनिटच्या आसपास असतो. ताजी जखम त्याहून काळी. समजा तिथे ७० आहेत. तिच्यात नव्या, गळक्या वाहिन्या असतील तर कॉन्ट्रास्टनंतर ती ९८ वर जाते, आणि शेजारच्या १०० च्या टेंडनमध्ये मिसळून दिसेनाशी होते. फक्त कॉन्ट्रास्टची मालिका उघडणारा वाचक अशा घोड्याला निरोगी ठरवून घरी पाठवतो. म्हणून दोन्ही मालिका एकमेकींना जोडून, त्याच जागी तेवढंच वर्तुळ टाकून, आधीचा आणि नंतरचा आकडा लिहा. प्रत्येक खंडात किमान तीन पातळ्यांवर: पेस्टर्नच्या मध्यावर, नॅव्हिक्युलर हाडाच्या जरा वर आणि हाडाच्या मागे. दुसऱ्या पायाचा साधा स्कॅन त्याच वेळी मिळाला असेल तर आकाराची तुलनाही करा. दुखावलेला खंड नुसता जाड असू शकतो.

साध्या स्कॅनमध्ये काळी आणि नंतरही न उजळणारी जागा असेल तर अर्थ वेगळा लागतो. तिथे रक्त पोहोचत नाही. ती मृत गाभा असू शकते किंवा जुनी, शांत झालेली जखम. कड उजळते आणि गाभा काळा राहतो, असंही बऱ्याचदा दिसतं. सूज, भरून येत असलेली जखम आणि जुना व्रण यांतला फरक असा आकड्यांत मांडता आला की मालकाला विश्रांतीचा कालावधी सांगताना पायाखाली जमीन असते. दुसऱ्या घोड्यात दोन्ही आकडे सारखे आले आणि लंगडणं कायम असेल, तर एमआरआय सुचवा. हाडाच्या मज्जेतली सूज सीटीला दिसत नाही.

टेंडनच्या आवरणातली कडेची चीर किंवा मॅनिका फ्लेक्सोरिया (खोल टेंडनभोवतीचं वरच्या टेंडनचं कडं) फाटल्याची शंका असेल तर धमनीचा मार्ग चुकीचा आहे. तिथे कॉन्ट्रास्ट थेट आवरणात घालून स्कॅन करतात. दोन्ही करायचं असेल तर धमनीचं आधी. आवरण एकदा पांढरं भरलं की टेंडनच्या कडेचं बारीक उजळणं वाचता येत नाही.

स्कॅन झाल्यावर कॅथेटर काढून घड्याळ लावून किमान पाच मिनिटं दाबून धरा आणि वर दाबाची पट्टी बांधा. ही पायरी घाईत वगळली जाते. घोडा भुलेतून उठताना धडपडतो, रक्तदाब उसळतो आणि मीडियन धमनीभोवती मोठी गाठ साचते. आणि एक कागदी काम: युरोपात घोडा कायद्याने अन्नासाठीचा प्राणी धरला जातो, जोवर त्याच्या पासपोर्टमध्ये तो कत्तलीसाठी नाही अशी नोंद होत नाही. औषधं भरण्याआधी ते पान उघडून बघा.

पुण्याचं विचारलंत. शर्यतीच्या घोड्यांत तुम्हाला सर्वांत जास्त भेटेल ती वरच्या फ्लेक्सर टेंडनची, नळीच्या हाडाच्या मागची दुखापत. तिथे सीटीची गरजच नाही. चांगला अल्ट्रासाउंड, आडव्या छेदातलं क्षेत्रफळ आणि दर काही आठवड्यांनी त्याच पातळ्यांवर फेरमोजणी यांनी काम होतं. पुण्याच्या शर्यतींच्या पावसाळी हंगामात रोज हात बसेल. खुराच्या आतला टेंडन मात्र अल्ट्रासाउंडला शिंगासारख्या भिंतीमुळे दिसत नाही. पेस्टर्नच्या मागून आणि तळव्याच्या फ्रॉगमधून (मऊ त्रिकोणी भागातून) जेवढी खिडकी मिळते तेवढीच.

वाहिन्यांचं ज्ञान तिथे एका गोष्टीत नक्की कामी येईल: लॅमिनायटिसच्या (खुराच्या आतल्या पापुद्र्यांच्या आजाराच्या) घोड्याचा व्हेनोग्राम, म्हणजे शिरांत कॉन्ट्रास्ट देऊन काढलेला एक्स-रे. त्याला उभा घोडा, झोपेचं औषध, नर्व्ह ब्लॉक आणि साधं एक्स-रे मशीन पुरतं. फेटलॉकवर घट्ट टूर्निके (रक्त अडवणारा पट्टा) बांधा, पेस्टर्नमधल्या डिजिटल शिरेत बटरफ्लाय सुई घाला आणि २० ते २५ मिली कॉन्ट्रास्ट द्या. शेवटच्या काही मिलीत गुडघा थोडा पुढे वाकवून टाच हलकी करा, म्हणजे खोल टेंडनचा ताण सुटतो आणि खुराच्या पुढच्या भागात कॉन्ट्रास्ट शिरतो. मग पाय टेकवून ४५ सेकंदांच्या आत बाजूचा आणि समोरचा एक्स-रे घ्या. उशीर झाला तर कॉन्ट्रास्ट ऊतीत झिरपतो आणि रेषा पुसट होतात. इथे फसवणारी गोष्ट टूर्निके. ती सैल असली की कॉन्ट्रास्ट वर निसटतो, खूर रिकामं दिसतं आणि रक्तपुरवठा संपल्याचं चुकीचं निदान होतं. म्हणून फिल्म वाचताना नजर आधी फेटलॉकच्या वर न्या. तिथे पांढऱ्या रेषा असतील तर त्या रिकाम्या खुराबद्दल काहीही न बोलता टूर्निके पुन्हा बांधा आणि नव्याने घ्या.